आजोबांची फियाट पुन्हा रस्त्यावर येते तेव्हा

तुमच्या घराच्या अंगणात, सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा गावच्या वाड्याच्या पडवीत एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे का? कधीकाळी ती घरातली सगळ्यात लाडकी वस्तू होती. आता येणारा-जाणारा विचारतो, "ही अजून ठेवलीय? काढून टाका की." भंगारवाला दर दिवाळीला भाव सांगून जातो. तुम्ही दरवेळी "बघू" म्हणता. विकवत नाही आणि दुरुस्त करायचं धाडसही होत नाही.

आमच्या घरी हे "बघू" सात वर्षं चाललं होतं.

आम्ही बडोद्याचे. आजोबांचा रावपुऱ्यात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं काम चालायचं. १९७८ साली त्यांनी गाडी घेतली. नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, असा तो काळ. आरसी बुकावर 'प्रीमियर पद्मिनी' लिहिलेलं होतं, पण आजोबा शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणाले. ते गेल्यावर गाडी बाबांकडे आली. बाबा गेले आणि गाडी कुणाकडेच आली नाही, ती फक्त उभी राहिली.

मागच्या वर्षी ती आम्ही पुन्हा चालू केली. त्यात काय चुकलं, काय जमलं आणि तुमच्या मनात असं काही असेल तर सुरुवात कुठून करायची, हे आजच्या लेखात सांगते. मी मेकॅनिक नाही. माझं शिक्षण इंग्रजी साहित्यात बीए, काम लेख लिहिण्याचं. त्यामुळे मला समजलं ते तुम्हालाही समजेल, एवढी खात्री देते.

फियाट की पद्मिनी?

आधी थोडा इतिहास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिच्या मुंबईतल्या कुर्ला इथल्या कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ च्या सुमारास 'फियाट ११०० डिलाइट' आली. पुढे सत्तरच्या दशकात फियाटचं नाव गेलं, गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. बाहेरून ती जवळपास तीच राहिली. म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीसाठी ती सगळी 'फियाट'च.

१०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटर, मागच्या चाकांना ताकद, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. दारांच्या काचांना पुढे ती छोटी तिकोनी काच, जी उघडली की वारा थेट तोंडावर येतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. त्या दिवशी मोबाइलवर बातमी वाचून आईने फोन बाजूला ठेवला आणि खिडकीतून ताडपत्रीकडे बघत राहिली. बोलली काहीच नाही.

डायरीतली शेवटची नोंद

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही होती. छापखान्यातल्याच उरलेल्या कागदांची, आजोबांनी स्वतः बांधलेली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की ते तारीख, लिटर, किलोमीटरचा आकडा आणि कुठे गेलो ते लिहायचे. "पावागड. सर्व मंडळी. वाटेत एक पंक्चर." "चांदोद. दादांच्या अस्थी." "सौ. ला इस्पितळात. मुलगा झाला." ही शेवटची नोंद माझ्या धाकट्या काकाच्या जन्माची.

मधल्या एका पानावर अक्षर बदलतं. तिथून पुढे बाबांचं अक्षर, घाईचं, उजवीकडे कललेलं. त्यात माझ्या शाळेचा पहिला दिवसही आहे. आणि अगदी शेवटची ओळ: "बॅटरी उतरली. रविवारी बघू."

तो रविवार आला नाही. शुक्रवारी बाबांना हृदयविकाराचा झटका आला.

ती वही मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला चोवीसावं वर्ष लागलं होतं. गाडी चालू करायची, हे मी त्याच दिवशी ठरवलं. पण ठरवणं आणि करणं यात काय-काय असतं, ते आता ऐका.

पहिला प्रश्न पैशांचा नाही, माणसांचा

गाडी घरातल्या सगळ्यांची असते. माझा उत्साह बघून काका म्हणाले, "भंगारात दे आणि त्या पैशात आईला कुठेतरी फिरवून आण." आत्या म्हणाली, "दुरुस्त कर, पण रंग बदलू नकोस." आईने नुसतं म्हटलं, "मला विचारू नका." तिचा राग गाडीवर होता की बाबांवर, मला कळेना.

तुम्ही असं काही करणार असाल तर घरात आधी बसून बोला. तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या.

पहिली, गाडी कशासाठी हवी आहे? रोज वापरायला, सणासुदीला एक फेरी मारायला की नुसती बघायला? रोजच्या वापरासाठी जुनी गाडी सहसा परवडत नाही.

दुसरी, किती बदल चालतील? काहींना गाडी शोरूममधून आल्यासारखी चकाचक हवी असते, काहींना आजोबांनी वापरली तशीच. या दोन कामांचा खर्चही वेगळा आणि परिणामही वेगळा.

तिसरी, पैसे कोण घालणार आणि पुढे गाडी कुणाच्या नावावर राहणार? हे गोड बोलण्याच्या भरात टाळलं तर नंतर कडू होतं. आमच्याकडे काका, आत्या, आई, मी आणि भाऊ अशा पाच जणांनी कागदावर सह्या केल्या. काकांनी सही करताना तोंड वाकडं केलं, पण केली.

कागदपत्रं आधी, पाना नंतर

गॅरेज शोधण्याआधी कपाटातलं आरसी बुक शोधा. आमचं आजोबांच्याच नावावर होतं! बाबांनी एवढी वर्षं गाडी चालवली, पण नाव बदललं नव्हतं. अनेक घरांत हेच असतं.

नियमाप्रमाणे मालकाचं निधन झाल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी अर्ज करायचा असतो. हा अर्ज म्हणजे फॉर्म ३१. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि बाकीच्या वारसांची संमती असे कागद लागतात. राज्याप्रमाणे थोडाफार फरक असतो, म्हणून आपल्या आरटीओतच विचारा. उशीर झाला असेल तरी काम होतं, फक्त चकरा आणि दंड वाढतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क बरंच वाढलं आहे आणि काही राज्यांत हरित करही भरावा लागतो. आमच्या गाडीचं नूतनीकरण राहिलं होतं, त्यामुळे उशिराची रक्कमही भरली. हा खर्च हिशेबात आधीच धरा.

आता 'व्हिंटेज'बद्दल. बोलताना आपण कुठल्याही जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणतो. सरकारने मात्र जुलै २०२१ मध्ये यासाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये ठरवलं गेलं आणि नोंदणी दहा वर्षं चालते. पण एक अट आहे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते. आमच्या गाडीला अजून पन्नाशी गाठायची आहे, म्हणून आम्ही साधी नोंदणीच चालू ठेवली.

तुम्ही दिल्ली किंवा आसपास राहत असाल तर जास्त काळजी घ्या. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशाने निर्बंध आले आणि त्याबाबतचे आदेश वेळोवेळी बदलले आहेत. एक रुपया खर्च करण्याआधी आजची स्थिती काय आहे ते आरटीओत विचारून घ्या.

चावी फिरवायची घाई करू नका

ताडपत्री काढली की पहिला मोह होतो तो नवी बॅटरी लावून चावी फिरवायचा. माझ्या भावाने तेच करायला घेतलं होतं. नशिबाने शेजारच्या काकांनी थांबवलं.

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनात गंज धरलेला असू शकतो. तशीच फिरवली तर पिस्टन आणि रिंगांचं नुकसान होतं. आधी स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून थोडं इंजिन ऑइल सोडतात, एक-दोन दिवस मुरू देतात आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून बघतात. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाकतात, कारण ते साचून चिकट होतं आणि कार्ब्युरेटर तुंबवतं. आमच्या टाकीतून जे निघालं त्याला वार्निशसारखा वास येत होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चालू करण्याआधी थांबवायची सोय करा. म्हणजे ब्रेक. आतले रबर सुकून तडकलेले असतात. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि ब्रेकचे होज बदलल्याशिवाय गाडी अंगणातसुद्धा हलवू नका.

लोहचुंबकाची गोष्ट

आता माझी चूक सांगते.

पहिलं गॅरेज मी फोटो बघून निवडलं. जुन्या गाड्या चकचकीत करून दाखवणारे फोटो होते. त्यांनी पंचवीस हजार आगाऊ घेतले आणि दीड महिन्याने बोलावलं. गाडी लखलखत होती. मी तर रडलेच. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवली.

मग एका ओळखीच्या वयस्कर मेकॅनिक चाचांना बघायला नेलं. आयुष्यभर टॅक्सी आणि फियाट दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं आणि दाराखालच्या पट्टीला लावलं. ते खाली पडलं. थोडं पुढे लावलं, पुन्हा पडलं.

"बेटा, इथे पत्रा नाही. लांबी आहे," चाचा म्हणाले.

लांबी म्हणजे पुट्टी. गंजलेला पत्रा कापून नवा जोडण्याऐवजी त्यावर पुट्टीचा थर देऊन रंग मारला होता. एका पावसाळ्यात ती फुगून निघाली असती. बरं, हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. या गाडीला वेगळी चासी नसते, सांगाड्याचं काम तिची बॉडीच करते. दाराखालच्या पट्ट्या आणि तळाचा पत्रा कुजला तर गाडीची ताकदच जाते.

मी त्या गॅरेजमध्ये भांडायला गेले. पैसे परत मिळाले नाहीत. "मॅडम, एवढ्या जुन्या गाडीत असंच असतं," हे मात्र ऐकायला मिळालं. घरी येऊन मी काकांना काहीच सांगितलं नाही. आईला सांगितलं. ती पहिल्यांदाच गाडीबद्दल बोलली. म्हणाली, "तुझ्या बाबांनापण सगळे फसवायचे. ये, जेवून घे."

तुम्ही माझ्यासारखं करू नका. गॅरेज निवडताना या गोष्टी पाळा.

• चकाचक फोटो बघून भुलू नका. त्यांनी निदान दोन वर्षांपूर्वी केलेली गाडी प्रत्यक्ष दाखवायला सांगा.
• कामाचे टप्पे लिहून घ्या: पत्रा, इंजिन, ब्रेक, वायरिंग, रंग, आतलं काम. एक टप्पा झाला की त्याचेच पैसे द्या.
• रंगाआधी, पत्रा उघडा असताना गाडी स्वतः जाऊन बघा आणि फोटो काढा.
• फ्रीजवरचं लोहचुंबक खिशात ठेवा.
• काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून त्यावर नाव लिहा. जुना भाग टाकण्याआधी विचारायला सांगा.
• चासी आणि इंजिनवर कोरलेला नंबर घासला जाणार नाही किंवा रंगाखाली बुजणार नाही, हे पुन्हापुन्हा बजावा. तो गेला तर आरटीओत मोठी अडचण होते.
• रंग बदलायचा असेल तर त्याची नोंद आरसीत करावी लागते. इंजिन बदललं तरी करावी लागते.

सुटे भाग कुठे मिळतात?

चाचांनी काम हातात घेतलं आणि खरी शोधाशोध सुरू झाली. प्रत्येक मोठ्या शहरात जुन्या भागांचा बाजार असतो. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला, दिल्लीत कश्मीरी गेट आणि मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मलिक बाजार, बेंगळुरूत जे. सी. रोड. पद्मिनी लाखो घरांत आणि टॅक्सीस्टँडवर होती, म्हणून तिचे भाग अजून सापडतात. मारुती ८०० चं काम तर त्याहून सोपं. खरी पंचाईत दुर्मिळ परदेशी गाड्यांची होते.

जुनं ते सगळं चांगलं असं मात्र नाही. धातूचे भाग, दिवे, मूठ, पुढची जाळी, कंपनीचं बोधचिन्ह हे जुनं आणि मूळचं शोधा. रबर, होज, ब्रेकचे भाग, वायर, टायर हे नेहमी नवं घ्या. जुन्या वायरींचं आवरण तडकलेलं असतं आणि त्यातून आग लागू शकते. आम्ही पूर्ण वायरिंग फ्यूजसह नवं केलं. टायरची नक्षी चांगली दिसली तरी वर्षानुवर्षं उभा राहिलेला टायर आतून कडक झालेला असतो.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, म्हणजे ई-२० पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबर पाइप आणि कार्ब्युरेटरमधले रबरी भाग इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते हळूहळू मऊ पडतात किंवा तडकतात. इथेनॉल सहन करणारे पाइप मागून घ्या आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

इंजिनचं हेड काढलं, लेथवर पाठवलं, सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन बसवले. सगळं मिळून आठ महिने लागले. खर्च पहिल्या अंदाजाच्या दुपटीवर गेला. मी दोन रात्री जादा लेख लिहून, भावाने नवा फोन पुढे ढकलून आणि आत्याने न सांगता पाकीट पाठवून तो भागवला. शेवटच्या हप्त्यात काकांचेही पैसे आले. "टायर माझ्याकडून," एवढाच मेसेज होता.

काय दुरुस्त करायचं नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात अवघड गेला.

मागच्या डाव्या दाराखाली एक पोचा होता. बाबा आईला गाडी शिकवत होते तेव्हा तिने रिव्हर्समध्ये फाटकाच्या खांबावर घातली होती. बाबा हसले, आई चिडली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. चाचांनी विचारलं, "हा काढायचा ना?" मी आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "राहू दे. तेवढं एकच माझं आहे त्या गाडीत."

तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं. त्या वहीत आजोबा आहेत, बाबा आहेत, आम्ही पोरं आहोत. आईचं नाव कुठेच नाही. आजी 'सौ.' म्हणून तरी आहे. आई नेहमी मागे बसायची. पुढे बाबांशेजारी आजोबा. आजोबा गेल्यावर पुढे मी बसायला लागले, कारण मला खिडकी हवी असायची. आई मागेच, मांडीवर डबे घेऊन.

म्हणून सांगते, गाडीला हात लावण्याआधी ती घरातल्या प्रत्येकाला दाखवा आणि विचारा, "यातलं तुझं काय आहे?" उत्तरं अशी येतील की तुम्हाला वाटलं नव्हतं. मग तो ओरखडा, तो स्टिकर, सीटवरचा तो डाग ठेवायचा की काढायचा ते ठरवा. रंगाने झाकलेली खूण परत आणता येत नाही. आम्ही पोच्याभोवतीचा गंज काढला, रंग दिला, पण पोचा तसाच ठेवला. चाचांना ते फार पटलं नाही. अजूनही गाडी बघितली की ते मान हलवतात.

सुरक्षेशी तडजोड नको

जुनी गाडी प्रेमाने चालवा, पण भाबडेपणाने नको. तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही. ड्रम ब्रेक लावल्यावर आजच्या गाडीपेक्षा ती उशिरा थांबते. पट्टे नसतील तर पुढच्या सीटला तरी चांगल्या कारागिराकडून पक्के पट्टे बसवून घ्या. लहान मुलांना पुढे बसवू नका. महामार्गावर आजच्या वेगाशी स्पर्धा करू नका. गाडीत छोटं अग्निशामक ठेवा. किमान थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी चालू असल्याशिवाय बाहेर काढू नका. आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवा. उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडते.

जमलं नाही तर?

प्रत्येकाला हे जमेल असं नाही आणि जमलंच पाहिजे असंही नाही. खर्च झेपत नसेल, जागा नसेल, घरात एकमत नसेल, तर अपराधी वाटून घेऊ नका. गाडी एखाद्या खऱ्या शौकिनाला द्या आणि अधूनमधून बघायला येऊ, एवढी अट घाला. किंवा सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात देऊन तिथलं प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करा. नाहीतर तुमच्या नावावरची गाडी कुठे काय करतेय, याची टांगती तलवार राहते. देण्याआधी स्टिअरिंग, बोधचिन्ह, चावी, एखादी मूठ काढून ठेवा. माझ्या मैत्रिणीने आजोबांच्या गाडीचा आरसा देवघराशेजारी लावलाय. रोज कुंकू लावताना ती त्यात बघते.

कधीकधी गाडीचं भाग्य उशिरा उघडतं. देशातली पहिली मारुती ८०० आठवते? १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तिची चावी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली होती. क्रमांक डीआयए ६४७९. त्यांनी ती जन्मभर विकली नाही. २०१० मध्ये ते गेले आणि गाडी घराबाहेर गंजत राहिली. पुढे ती पुन्हा नव्यासारखी केली गेली आणि आज कंपनीच्या मुख्यालयात मानाने उभी आहे. आपल्या गाडीला असं मुख्यालय मिळणार नाही. तिचं मुख्यालय म्हणजे आपलं घर.

पहिली फेरी

आमची पहिली फेरी एका रविवारी झाली. मुद्दामच रविवार निवडला. लांब कुठे नाही, कमाटी बागेपर्यंत आणि परत. भाऊ चालवणार होता. मी सवयीने पुढचं दार उघडलं आणि थांबले.

"आई, तू बस पुढे."

"मी कशाला? मी मागे बरी आहे."

"बस गं."

ती बसली. पदर सावरला, पर्स मांडीवर घेतली, मग कुठे ठेवावी कळेना म्हणून पुन्हा मांडीवरच ठेवली. भावाने चोक ओढला. दोनदा घरघर झाली, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. तो आवाज ऐकून शेजारच्या गॅलरीत माणसं आली. आईने समोरची तिकोनी काच उघडली. वारा आत आला आणि तिचे केस उडाले. "इथे एवढा वारा लागतो होय!" ती म्हणाली. चाळीस वर्षांपेक्षा जास्त काळ ही गाडी घरात होती आणि तिला हे माहीत नव्हतं.

परतताना पंपावर पाच लिटर पेट्रोल भरलं. घरी आल्यावर मी वही काढली. बाबांच्या "रविवारी बघू" या ओळीखाली लिहायचं होतं. पेन आईच्या हातात दिलं. ती बराच वेळ पान बघत बसली. मग तारीख घातली, लिटर लिहिले, किलोमीटरचा आकडा मला विचारून लिहिला. पुढे लिहिलं, "कमाटी बाग. मी पुढे बसले."

तुमच्या ताडपत्रीखाली काय आहे, ते मला माहीत नाही. पण येत्या रविवारी ती एकदा उचलून बघा. कप्पा उघडा. आणि घरात जी व्यक्ती नेहमी मागच्या सीटवर बसायची, तिला आधी बोलवा.